चार नंबर चालू

मखमलीला इस्त्री करायची ती उलट्या बाजूने, नुसत्या वाफेची, हात अधांतरी धरून. टेकली की लव बसली, आणि बसलेली लव कुणाच्या बापाच्याने उठत नाही. हे मास्तरबाईंना कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या वेळी तीन वार कापड वाया घालवून त्या स्वतःच शिकल्या होत्या. शिंप्याला लोक मास्तर म्हणतात. नवरा होता तोवर मास्तर तो, आणि या मागे बसून काजं करणाऱ्या. तो गेला, तरी गिऱ्हाइकं मास्तर म्हणतच जिना चढत राहिली. वर बाई दिसली की पुढे 'बाई' जोडायची.

मंगळवारी दुपारी एकच्या ठोक्याला मास्तरबाई वाफ धरून उभ्या होत्या. नाट्यगृहाच्या पडद्याचा सहावा पट टेबलावर पालथा पसरला होता. इतक्यात भिंतीतून 'टक्' असा आवाज आला आणि इस्त्रीवरचा लाल दिवा विझला. पुन्हा टक्, मशिनची मोटर गेली. आणखी एक टक्, टेबलावरचा दिवा गेला.

"झालं," मास्तरबाई मखमलीला म्हणाल्या. "साहेबांनी सुट्टी दिली."

साहेब म्हणजे त्यांचा मुलगा. वय एक्केचाळीस, पोट सुटलेलं, हाताखाली तीस माणसं, पण घरात अजून चिमणच. गाडीने यायचं तर दीड दिवस लागेल इतक्या लांब राहायचा, आणि तिथे बसून आईच्या भिंतीतली बटणं दाबायचा. उंटावरून शेळ्या हाकणारे मास्तरबाईंनी जन्मात पुष्कळ पाहिले होते. याने तर उंटही आपल्याच दारात बांधून ठेवला होता.

आता इस्त्रीची गोष्ट खरी होती, ते नाकारून चालणार नाही. तीन महिन्यांपूर्वी औषधांच्या दुकानवाल्याची पँट आखूड करून द्यायला त्या खाली गेल्या, गप्पांत रमल्या, आणि वर इस्त्री तशीच चालू. टेबलावरची घोंगडी जळली, कुणाची तरी एक बाही जळली, जिन्यात धूर झाला. शेजाऱ्यांनी दोन बादल्या पाणी ओतलं आणि विषय संपला. म्हणजे संपला असता. पण कुणीतरी मास्तरबाईंच्या आधी चिमणला फोन केला.

चिमण आठ दिवसांची रजा टाकून आला. त्याने भिंत फोडली, सहा नवे सॉकेट बसवून त्यांना एक ते सहा नंबर दिले आणि वर कोपऱ्यात एक पांढरी पेटी लावली, साबणाच्या वडीएवढी.

"हिला ई-मेल केला ना, आई, की ही बटण चालू-बंद करते. कुठूनही. मी जगाच्या टोकाला असलो तरी."

"आणि मी याच खोलीत असले तर?"

"तू काही करायचंच नाही. तेच तर सुख आहे!"

सुरुवातीला पेटी फक्त इस्त्री बंद करायची, दर पंधरा मिनिटांनी, आणि जरा वेळाने आपणच चालू करायची. मग एक ते चार विश्रांती आली. मग संध्याकाळी सहाला सगळंच बंद. कानामागून आली आणि तिखट झाली, अशी ती पेटी. इस्त्रीचा जाड पिनांचा प्लग स्वयंपाकघरातल्या भोकांत शिरत नव्हता, आणि मशिन तर जमिनीत बोल्ट मारून बसवलेलं. त्यांनी एकदा वायरमनला बोलावलं. तो स्टुलावर चढला, पेटीकडे बघून मान हलवली आणि तसाच खाली उतरला.

"मावशी, मुलाला विचारून घ्या आधी. उगाच माझ्यावर नको."

"घर माझं, भिंत माझी, वीज मी जाळते. मुलाला काय विचारू?"

"तसं नाही हो. पण जबाबदार माणसाने सांगितलेलं बरं."

तो गेल्यावर मास्तरबाई पाच मिनिटं नुसत्या स्टुलाकडे बघत राहिल्या. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्या जबाबदार माणसांतून वजा झाल्या होत्या, आणि कुणी त्यांना कळवलंही नव्हतं.

त्यातच हे पडद्याचं काम आलं. नाट्यगृहाची दुरुस्ती झाली होती आणि शनिवारी अकराला नवा पडदा चढायचा होता. गडद लाल मखमल, चौदा पट, प्रत्येक पट दोन माणसांएवढा उंच. एवढं मोठं काम मास्तरांच्या काळातही कधी आलं नव्हतं. चिमणला सांगितलं तेव्हा तो फोनवर हसला होता. "कर, हौस भागवून घे. पण हे शेवटचं हं, आई. आणि हे झेपलं नाही तर वाद न घालता मशिन विकायचं आणि इकडे यायचं. कबूल?" मास्तरबाई रागाच्या भरात "कबूल" म्हणून बसल्या होत्या. आणि आता झेपतं की नाही याची परीक्षा चालू होती, तर परीक्षकच पेपर ओढून घेत होता. दिवसाकाठी जेमतेम सहा-सात तास वीज, त्यात दर पंधरा मिनिटांनी गार होणारी इस्त्री. अशाने शनिवारपर्यंत नऊ पट झाले असते, फार तर दहा.

एकला बंद पडलेल्या मशिनपुढे त्या बसल्या होत्या, तेव्हा नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांचा फोन आला.

"मास्तरबाई, वरच्या दांड्याचं माप चार बोटांनी बदललंय. ई-मेल केलाय. पाहिलात का?"

"पाहते," त्या म्हणाल्या. ई-मेल त्या कधी उघडत नसत. चिमणने फोनवर बसवून दिला होता, पडून होता.

त्यांनी चष्मा लावून उघडला, तर व्यवस्थापकांचं एक पत्र आणि खाली दुसरीच रांग. सहाशे अठ्ठेचाळीस न वाचलेली पत्रं, सगळी एकाच्या नावाने: पेटी.

'चार बंद. आदेश: चिमण. पाळला.'

'एक बंद. आदेश: चिमण. पाळला.'

'दोन बंद. आदेश: चिमण. पाळला.'

मास्तरबाई बोटाने रांग खाली ढकलत गेल्या. एक बुधवार सापडला. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या कोटाची कॉलर अर्धी राहिली होती. एक शुक्रवार सापडला, तेव्हा सुई कापडातच अडकून बसली होती. आपले तीन महिने कुणीतरी असे टक्-टक् लिहून ठेवलेत आणि ते आपल्याच पत्त्यावर येऊन पडलेत, हे वाचताना आधी त्यांचे कान तापले आणि मग डोकं चालू लागलं. पत्र येतं, म्हणजे पत्राला उत्तर देता येतं. नाही का?

त्यांनी सरळ बैठक मारली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत लिहिलं:

'पेटीस आशीर्वाद. तुझी सहाशे अठ्ठेचाळीस पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, राग मानू नये. तू निमूटपणे काम करतेस, तुझी तक्रार नाही. पण माझा पट अर्धा राहिला आहे. तरी चार नंबरची इस्त्री कृपा करून चालू करावी. कळावे.'

अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. 'विषयाच्या ओळीत आदेश नाही. काही केलेले नाही.'

"अगं, एवढं लिहिलं त्यातलं तुला काहीच वाचता आलं नाही?" मास्तरबाई पेटीकडे बघून म्हणाल्या. मग चिमणची पत्रं त्यांनी पुन्हा नीट पाहिली. आशीर्वाद नाहीत, कळावे नाही. वरच्या ओळीत दोन शब्द, खाली कोरं. लेकाचं बोलणं हल्ली असंच झालं होतं, त्यामुळे ओळखायला जड गेलं नाही. त्यांनी वरच्या ओळीत लिहिलं: चार चालू.

टक्.

लाल दिवा लागला. मास्तरबाई इतक्या दचकल्या की फोन मखमलीवर पडला. मग त्यांनी 'एक चालू' केलं, 'दोन चालू' केलं. मोटर घुमली आणि खोलीत उजेड पडला. भर दुपारी सव्वा वाजता त्या आपल्या स्वतःच्या घरात दिवा लावून उभ्या होत्या आणि चोरी करून जिंकल्यासारख्या हसत होत्या.

दोन मिनिटांत टक्, चार बंद. त्यांनी चालू केला. टक्, बंद. पुन्हा चालू. असं नऊ वेळा झालं. दोघांच्या मध्ये इस्त्रीची गत आई आणि बायको यांच्यात सापडलेल्या नवऱ्यासारखी झाली, धड तापेना, धड निवेना. दहाव्या वेळी फोन वाजला.

"आई, पेटी बिघडलीय. चार नंबर आपोआप चालू होतोय!"

"आपोआप नाही. मी करतेय."

"तू? कसं काय?"

"तू करतोस तसंच. पत्र लिहून."

"आई, एक ते चार तुझी विश्रांतीची वेळ आहे."

"कुणी ठरवली?"

"डॉक्टर म्हणाले होते."

"डॉक्टर म्हणाले, जरा पडत जा. जरा! सलग तीन तास तर तू पाळण्यात असतानाही झोपला नाहीस."

"थट्टा नको करू. परत काही पेटलं तर? मी इथून काय करणार?" त्याचा आवाज चिरकला. "बाबांच्या वेळी मी अठरा वेळा फोन लावला होता. अठरा वेळा. कुणी उचलला नाही."

मास्तरबाईंनी डोळे मिटले. तो फोन त्या दिवशी दुकानाच्या पिशवीत राहिला होता, आणि त्या इस्पितळाच्या बाकावर मास्तरांचे जोडे हातात धरून बसल्या होत्या. अठरा वेळा वाजलेला तो फोन त्यांनाही अजून ऐकू यायचा.

"ठाऊक आहे मला, राजा."

"मग ऐक ना माझं. पडदा सोडून दे. तब्येत बरी नाही म्हणून कळव त्यांना."

"तब्येत ठणठणीत आहे माझी. खोटं का बोलू?"

मागून सूनबाईंचा आवाज आला. "अहो, करू द्या ना आईंना!"

"तू मध्ये पडू नकोस."

"मी लग्न झाल्यापासून मध्येच आहे. बाजूला व्हायला जागा कुठे ठेवलीत तुम्ही मायलेकांनी?"

मास्तरबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "चिमण, तुझी भीती खोटी नाही. पण ती तुझी आहे. तिच्यासाठी माझं मशिन बंद पाडू नकोस."

टक्. टक्. टक्.

खोलीतला उजेड गेला. मास्तरबाईंनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा कानाला लावला.

"आत्ता बोलता बोलता बंद केलंस?"

"तुझ्याच भल्यासाठी. मी शनिवारी येतोय. आल्यावर मशिनचं काय ते बघू."

"ये," मास्तरबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यांनी हात पदराला पुसले. या हातांनी त्याचा पहिला अंगरखा शिवला होता, शाळेचे गणवेश शिवले होते, नोकरीच्या मुलाखतीचा कोटही शिवला होता. त्या कोटाच्या आतल्या शिवणीत दीड इंच कापड जास्त सोडलं होतं, लेक अंग धरेल म्हणून. लेकाने अंग धरलं. आईसाठी मात्र त्याने शिवणीत सूतभरही सोडलं नव्हतं.

त्यांनी पेटीला पुन्हा पत्र लिहिलं. वरच्या ओळीत एकच शब्द: मदत.

पेटीने आदेशांची लांबलचक यादी पाठवली. चालू, बंद, वेळ लावा, वेळ काढा. तळाशी एक रेघ, आणि रेघेखाली: 'पुढील आदेश फक्त मालकासाठी. माणसे दाखवा. माणूस जोडा. माणूस काढा.'

मालक कोण, ते बघू तरी, म्हणून त्यांनी लिहिलं: माणसे दाखवा.

उत्तर आलं. 'मालक: आई. परवानगी असलेले: चिमण.'

मास्तरबाईंनी चष्मा पदराला पुसून परत वाचलं. तेच होतं. मग त्यांना आठवलं. पेटी बसवताना चिमण खाटेवर बसून फॉर्म भरत होता आणि मोठ्याने वाचत होता. 'जागा कोणाच्या नावे आहे? मालकाचा पत्ता?' त्याने मान वर न करता आईचा पत्ता घातला होता, कारण जागा आईच्याच नावावर होती. फॉर्ममध्ये खोटं लिहायचं नाही, ही बापाची सवय. मास्तर तर मापाच्या वहीत गिऱ्हाइकाचं पोटसुद्धा अर्धा इंच कमी लिहीत नसत. चिमणने आईचं घर खरंखुरं आईच्या नावाने लिहिलं आणि मग तीन महिने स्वतः मालकासारखा वागला. आपण काय लिहून बसलोय, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

त्यांनी लिहिलं: माणूस काढा चिमण.

पेटीने विचारलं. 'चिमण यांना काढल्यास त्यांचा कोणताही आदेश पाळला जाणार नाही. खात्री असल्यास हो लिहा.'

सहाशे अठ्ठेचाळीस पत्रांत पेटीने पहिल्यांदा कुणाला खात्री आहे का विचारलं होतं, आणि नेमकं त्यांना. मास्तरबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली औषधवाला दुकानासमोर पाणी मारत होता. अठरा वेळा फोन लावणारं आपलं पोर त्यांना डोळ्यांपुढे दिसलं, कुठल्याशा लांबच्या ऑफिसच्या जिन्यात, एकटं. ही पेटी त्याने आईसाठी बसवलीच नव्हती. एकोणिसाव्यांदा फोन लावायची पाळी येऊ नये म्हणून बसवली होती. हे त्यांना कळत होतं. पण कळतं म्हणून जन्मभर अंधारात बसायचं का?

त्यांनी लिहिलं: हो.

मग चार चालू, एक चालू, दोन चालू. टक्, टक्, टक्. मास्तरबाईंनी पट नीट पसरला, वाफ धरली आणि कामाला लागल्या. फोन मधूनमधून गुरगुरत होता. त्यांनी वाकून पाहिलं.

'अनोळखी पत्त्यावरून आदेश: चार बंद. पाळला नाही.'

'अनोळखी पत्त्यावरून आदेश: चार बंद. पाळला नाही.'

'अनोळखी पत्त्यावरून आदेश: सर्व बंद. पाळला नाही.'

'अनोळखी' हा शब्द त्यांनी परत एकदा वाचला. पण इस्त्री तापली होती.

चिमणचा फोन आला तेव्हा त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला. वाजू देणार नव्हत्या त्या, काही झालं तरी.

"आई! काय केलंस हे?"

"जिवंत आहे. धडधाकट आहे. काम करतेय. रोज सकाळी आठला आणि रात्री आठला फोन कर. आणि मधे जीव घाबरला तर मधेही कर. पण मला फोन कर, माझ्या भिंतीला नको."

चौदा पट शुक्रवारी दुपारी पूर्ण झाले. खालच्या दुमडीत वजनाची साखळी घातली, वरच्या चुण्या मोजून घेतल्या आणि प्रत्येक पटावरून हात फिरवून लव एकाच दिशेने बसतेय की नाही ते पाहिलं. एक पट जरी उलटा लागला, तरी दिव्यात तो वेगळ्या रंगाचा दिसतो, आणि मग अख्खं नाट्यगृह तेवढंच बघतं.

शनिवारी अकराला चिमण स्टेशनवरून थेट नाट्यगृहात आला. बॅग मांडीवर घेऊन तिसऱ्या रांगेत बसला, तोंड फुगवून. मास्तरबाई रंगमंचावर होत्या, तोंडात टाचण्या, त्यामुळे दोघांचं बोलणं आपोआपच टळलं. शिडीवरचे दोघे एकेक पट वर चढवत होते. बाराव्या पटाला मास्तरबाई एकदम थांबल्या.

निघताना तेराव्या पटाची एक चुणी दबलेली दिसली, म्हणून शेवटची वाफ दिली होती. टेम्पोवाला खालून भोंगा वाजवत होता. इस्त्री उभी करून ठेवली, हे आठवत होतं. पण बंद?

त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, पिशवीतून फोन काढला आणि तिथेच रंगमंचावर उभ्या राहून लिहिलं: चार बंद. तो आधीच बंद असू दे, एवढंच मनात होतं.

'चार चालू होता. बंद केला. आदेश: मालक.'

"काय झालं?" चिमण उठून उभा राहिला होता. आईचा चेहरा त्याला लांबूनही वाचता यायचा.

काही नाही, असं म्हणता आलं असतं. व्यवस्थापकांनी माप विचारलं, असंही सांगता आलं असतं. घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि पेटी आता चिमणला काही सांगत नव्हती. मास्तरबाई रंगमंचाच्या कडेला आल्या आणि वाकून फोन त्याच्या हातात दिला.

"वाच."

त्याने वाचलं. दोनदा वाचलं.

"बघ! हेच म्हणत होतो ना मी!"

"मीही हेच म्हणत होते. मी विसरले, मला आठवलं, मी बंद केली. पुन्हा विसरेन, आणि पुन्हा बंद करेन. तुला कळावं म्हणून दाखवलं. लपवणार नाही कधी."

"आणि आठवलंच नाही तर?"

"तर जळेल." त्या सरळ त्याच्याकडे बघत म्हणाल्या. "माझं घर आहे, चिमण. ते सांभाळायचं काम माझं आहे, ते हातून जाईपर्यंत. त्या दिवशी मीच तुला बोलवेन. आज बोलावलेलं नाही."

फोन त्याच्या हातात होता, पेटीचं पत्र उघडं होतं, 'माणूस जोडा' दोन शब्दांच्या अंतरावर होतं. त्याने अंगठा उचलला, जरा वेळ तसाच धरला आणि फोन आईला परत दिला.

"मास्तरबाई!" शिडीवरून हाक आली. "तेरावा चढवू का?"

"थांबा, लव बघते आधी!" मास्तरबाई वळल्या. मग मागे बघून म्हणाल्या, "बॅग ठेव ती खुर्चीवर आणि वर ये. हे टोक जमिनीला लागता कामा नये. दोन्ही हातांनी धर. आणि मी सांगेपर्यंत सोडू नकोस."